कोरडा मुलूख, कोरडी भाकरी आणि वात

वैद्याकडे गेलं की तो नाडी बघतो, जीभ बघतो, भूक आणि झोप विचारतो. जुन्या ग्रंथांनी त्याला आणखी एक प्रश्न नेमून दिला आहे: हा माणूस कुठल्या मुलखात राहतो? चरकसंहितेत आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयात प्रदेशांचे तीन प्रकार येतात. पाणी मुबलक, हवा ओलसर, झाडी दाट असा तो आनूप देश. झाडं विरळ, पाणी कमी, वारा मोकळा आणि ऊन कडक असा तो जांगल. दोन्हींच्या मधला तो साधारण. आनूप देशात कफाचा जोर असतो, जांगल देशात वाताचा.

या मोजमापानं कोकण आनूप ठरतं आणि मराठवाडा जांगल देशाकडे झुकतो. लातूरचं पठार तर नक्कीच. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलेलं हे शहर. नांदेडची गोष्ट थोडी वेगळी. तिथं गोदावरी आहे, किनवट-माहूरकडे सागाचं जंगल आहे, पाऊसही बरा. पण मुखेड, कंधार, लोहा या भागात उतरलं की पुन्हा तीच काळी भेगाळणारी जमीन, बोरी-बाभळी आणि मे महिन्यातला भाजून काढणारा वारा.

म्हणजे इथल्या माणसाच्या नशिबी वातच लिहिलेला, असं मात्र ग्रंथ म्हणत नाहीत. उलट चरकाच्या यादीत आरोग्यासाठी सर्वांत चांगला मुलूख म्हणून कोरड्या मरुभूमीचं नाव आहे आणि सर्वांत वाईट म्हणून आनूप देशाचं. जांगल देशातली माणसं टणक, काटक अंगाची असतात, असंही वर्णन तिथं सापडतं. ऊसतोडीला किंवा सोयाबीनच्या काढणीला वाकलेली इथली माणसं पाहिली की ते पटतं. अट एवढीच, की मुलूख कोरडा असेल तर ताटात आणि दिनचर्येत ओलावा हवा. ती अट मराठवाड्यातल्या जुन्या घरांनी पाळली होती. आता कोरडं तेवढं शिल्लक राहिलं आहे आणि ओलावा निघून चालला आहे.

वात म्हणजे नेमकं काय

आयुर्वेदात शरीरातली सगळी हालचाल वाताकडे सोपवलेली आहे. श्वास आत-बाहेर जाणं, घास पुढं सरकणं, मलमूत्र बाहेर पडणं, सांधे वळणं, मनात विचार येणं हे सगळं त्याचंच काम. कामाप्रमाणे त्याचे प्राण, उदान, व्यान, समान आणि अपान असे पाच प्रकार पाडले आहेत. त्याचं मुख्य ठिकाण पक्वाशय, म्हणजे मोठं आतडं. याशिवाय कंबर, मांड्या, हाडं, कान आणि त्वचा ही त्याची ठाणी. म्हणूनच पोट साफ न होणं, कंबर धरणं, सांध्यांतून कटकट आवाज येणं, कातडी फुटणं आणि झोप उडणं या वरवर वेगळ्या दिसणाऱ्या तक्रारी वैद्य एका माळेत ओवतो. पित्ताचे 40 आणि कफाचे 20 विकार सांगणाऱ्या चरकानं वाताचे 80 सांगितले आहेत.

वाताचे गुण रूक्ष, हलका, थंड, खरखरीत, सूक्ष्म आणि चंचल. सारख्यानं सारखं वाढतं आणि उलट गुणानं कमी होतं, हा उपचाराचा पाया. कोरडं, थंड, अपुरं आणि अवेळी खाणं, जागरण, काळजी, अतिश्रम, मलमूत्राचे वेग अडवणं यांनी वात वाढतो. स्निग्ध, गरम आणि पोटभर अन्न, तेलाचं मालिश, शेक, विश्रांती आणि नियमितपणा यांनी तो शमतो. चवींत गोड, आंबट आणि खारट वात कमी करतात. तिखट, कडू आणि तुरट वाढवतात.

रक्त तपासून वात किती आहे ते कुणी सांगू शकत नाही. ती शरीराकडे बघण्याची एक पद्धत आहे. पण त्या पद्धतीतून निघणारे बरेचसे सल्ले, जसं वेळेवर जेवण, पुरेशी झोप, कोठा साफ ठेवणं, सांधे हलते ठेवणं, कोणत्याही डॉक्टरला मान्य होतील असे आहेत.

ताटातलं कोरडं आणि ओलं

आता हाच हिशोब मराठवाड्याच्या ताटाला लावून पाहू. ज्वारी रूक्ष. हरभरा वातूळ. लातूरच्या दालमिलांमधून देशभर जाणारी तूरडाळ चरकाच्या मते कफ आणि पित्त कमी करते, पण वात वाढवते. म्हणजे भाकरी, वरण आणि पिठलं असं साधं जेवण घेतलं तरी तिन्ही पदार्थ एकाच बाजूला झुकलेले.

तरीही पिढ्यान्‌पिढ्या हेच खाऊन माणसं शेतात राबली, कारण ही धान्यं तशी कोरडी कुणी खातच नव्हतं. भाकरी तव्यावरून उतरली की गरम असतानाच तिच्यावर तूप किंवा तेल पडायचं. वरणाला हिंग, जिरं आणि लसणाची फोडणी. हे तिन्ही वात कमी करणारे. पिठल्यात तेल सढळ आणि सोबतीला ताक. आमटीत चिंच किंवा आमसूल. तोंडी लावायला तिळाची, शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, तीही तेल घालून कालवलेली. शिळी भाकरी ताकात कुस्करून किंवा फोडणी देऊन खायची. धपाटे दह्याबरोबर. ज्वारीच्या कण्या शिजवून त्यावर दूध किंवा ताक.

डाळींतही निवड होती. उडीद स्निग्ध, उष्ण आणि वात कमी करणारा, पण पचायला जड. हुलगा उष्ण, कफ आणि वात दोन्हींना मारक. थंडीत किंवा सर्दी-खोकल्यात घरोघरी होणारं हुलग्याचं माडगं आणि लसूण घालून केलेले शेंगोळे यांची जागा आयुर्वेदाच्या हिशोबात चपखल बसते. ज्यांना पित्ताचा त्रास आहे, त्यांनी मात्र हुलगा जपून खावा.

एका बाबतीत ग्रंथ आणि मराठवाडा यांचं सरळ वाजतं. इथलं आवडतं तेल करडईचं. रब्बी ज्वारीच्या कडेनं काटेरी करडईच्या ओळी लावायच्या, म्हणजे जनावरं आत शिरत नाहीत आणि घरात वर्षाचं तेलही येतं, ही जुनी रीत. परभणीच्या कृषी विद्यापीठानं करडईचे खास वाण काढले. आणि चरकानं मात्र वनस्पतींच्या तेलांत सर्वांत अहितकर म्हणून करडईच्या तेलाचंच नाव घेतलं आहे: उष्ण, जळजळ करणारं, सगळे दोष वाढवणारं. सर्वांत चांगलं तेल म्हणून त्याची पसंती तिळाला. आजचं आहारशास्त्र करडईकडे वेगळ्या नजरेनं बघतं. तिच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात लिनोलिक आम्लाचं प्रमाण 70 टक्क्यांच्या वर असतं आणि ते कोलेस्टेरॉलच्या दृष्टीनं बरं मानलं जातं.

मग ऐकायचं कुणाचं? दोघांचे निकष वेगळे आहेत, हे आधी लक्षात घ्यावं. चरक पोटातली जळजळ आणि दोष बघतो. आहारशास्त्र रक्तातली चरबी मोजतं. पोटात आग पडत नसेल तर घाण्याचं करडईचं तेल बेतानं खायला हरकत नाही. आम्लपित्तवाल्यांनी चरकाचं ऐकावं. अंगाला लावायला मात्र तिळाच्या तेलाला तोड नाही. खरी तक्रार करायची तर ती वेगळीच आहे: सोयाबीननं करडई आणि तीळ दोघांनाही शेतातून हुसकलं, आणि लातूरसारख्या तेलबियांच्या मोठ्या बाजारपेठेच्या गावातही चांगलं तिळाचं तेल शोधत फिरावं लागतं.

ऋतू आणि सण

वाताचं वर्षाचं वेळापत्रक ठरलेलं आहे. उन्हाळ्यात तो साचतो, पावसाळ्यात उसळतो आणि शरदात शांत होतो. उन्हाळ्याच्या कोरड्या उष्णतेनं अंगातला ओलावा आटतो, शक्ती घटते. म्हणून या ऋतूत गोड, पातळ, थंड आणि थोडं स्निग्ध अन्न घ्यावं: आंबील, पन्हं, ताक, दूध-भात. दुपारची झोप आयुर्वेदाला सहसा मान्य नाही, पण उन्हाळ्यात मात्र ती मुद्दाम सांगितली आहे. मे महिन्यात नांदेडच्या बाजारात दुपारी शटर अर्धं ओढून दुकानदार आडवा होतो, तेव्हा तो वाग्भटाच्या सल्ल्याबाहेर काही करत नसतो. हीच झोप पाऊस पडल्यावरही चालू ठेवली, की ती अंगावर येते.

पावसाळ्यात भूक मंदावते आणि वात उसळतो. जुनी कंबरदुखी, जुनं गुडघ्याचं दुखणं याच दिवसांत डोकं वर काढतं. या ऋतूसाठी ग्रंथ जुनं धान्य, गरम पातळ कढण आणि थोडं आंबट, खारट, स्निग्ध अन्न सांगतात. मराठी घरातलं आखाडातलं तळण, म्हणजे गुलगुले, कापण्या आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या, यात स्निग्धपणा आहे हे खरं. पण मंद भुकेवर ते जड पडतं. सणापुरतं, चवीपुरतं खावं. चातुर्मासात आठवड्याला दोन-तीन उपवास करून दिवसभर चहा आणि रात्री साबुदाण्याची खिचडी, हा प्रकार तर वाताला दोन्हींकडून बळ देतो: आधी रिकामं पोट, मग न पचणारं ओझं.

हिवाळ्याचं गणित वेगळं. बाहेर थंडी पडली की पोटातला अग्नी बलवान होतो. त्याला पुरेसं अन्न मिळालं नाही तर तो शरीरातला रसच खायला लागतो आणि वात बिघडतो, असं चरक सांगतो. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला साजरी होणारी वेळअमावस्या, इथल्या बोलीत येळवस, या सूत्राचं उत्तम उदाहरण आहे. शेतात कोप, म्हणजे कडब्याची छोटी खोपटी, उभी करून पूजा होते आणि मग पंगत बसते. भज्जी, आंबील, बाजरीचे आणि ज्वारीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर. भज्जीत तूर, हरभरा, वाटाणा हे सगळे वातूळ दाणे असतात, पण ओले, ताजे, आणि भरपूर तेल, लसूण, चिंच यांच्यासोबत शिजलेले. मागून संक्रांतीला तीळगूळ आणि भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी येते. थंडीत तीळ खाण्याचा सल्ला वेगळा द्यायची गरजच पडू नये, अशी ही सोय.

बाळंतिणीला मिळतं ते आजीला का नाही

वात कसा सांभाळायचा हे मराठी घराला उत्तम माहीत आहे. त्याचा पुरावा म्हणजे बाळंतपण. प्रसूतीनंतर शरीर रिकामं होतं आणि वात वाढतो, हे आयुर्वेदाचं म्हणणं. म्हणून सव्वा महिना बाळंतिणीला तेल लावून अंग रगडतात, शेक देतात, गरम पाण्यानं अंघोळ घालतात. कान बांधून वारा टाळतात. डिंकाचे लाडू, अळीव, खारीक-खोबरं, तूप-भात, जेवणानंतर बाळंतशेपा आणि ओवा. वातशमनाचं यापेक्षा नेटकं वेळापत्रक कुठल्या आयुर्वेद केंद्रात मिळणार नाही. (शेगडी मात्र दारं-खिडक्या लावून पेटवू नये. कोळशाचा धूर जिवावर बेततो.)

आता दुसरं टोक बघा. आयुर्वेदात म्हातारपण हाच वाताचा काळ आहे. कातडी सुकते, हाडं ठिसूळ होतात, झोप तुटक होते, कोठा जड होतो. म्हणजे जी काळजी बाळंतिणीला, तीच सत्तरीच्या आजीला लागू. पण आजीच्या वाट्याला काय येतं? दात नाहीत म्हणून चहात बुडवलेलं बिस्कीट, सकाळची गार भाकरी आणि रात्री उरलेलं वरण. तिला जर दोन्ही वेळा मऊ, गरम, थोडं तूप घातलेलं जेवण मिळालं आणि रात्री तळपायांना तेल लावून काशाच्या वाटीनं घासलं, तर निम्म्या तक्रारी कमी होतील. मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर तूप, गूळ आणि मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

लातूर पॅटर्न आणि वात

वात फक्त म्हाताऱ्यांचा, ही समजूत लातूर आणि नांदेडच्या अभ्यासिकांत जाऊन तपासावी. बारावी आणि नीटच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’साठी गावोगावची मुलं या दोन शहरांत येऊन राहतात. चरकानं वात बिघडण्याची जी कारणं दिली आहेत, ती त्यांच्या दिवसात एकामागून एक सापडतात. रात्री दोनपर्यंत जागरण. सकाळी उपाशीपोटी क्लास. मेसचा गार झालेला डबा. मध्ये चहा, फरसाण, वेफर. तासन्‌तास एका जागी बसणं. डोक्यावर निकालाची काळजी. आणि स्वच्छतागृह नीट नसल्यामुळे मुलींनी दिवसभर लघवी अडवून धरणं. न अडवण्याचे 13 वेग आयुर्वेदानं मोजून सांगितले आहेत. त्यांत मल, मूत्र, भूक, तहान, झोप, एवढंच काय, रडूही आहे.

या मुलांना औषधी काढ्यांपेक्षा चार साध्या गोष्टींची गरज आहे. रात्रीचं जेवण नऊच्या आत आणि गरम, वरण-भात-तूप असलं तरी पुरे. उशिरा भूक लागली तर फरसाणाऐवजी कोमट दूध किंवा राजगिऱ्याचा लाडू. झोपेची आणि उठण्याची वेळ रोज तीच. आणि रविवारी डोक्याला, कानांमागे, तळपायांना तेल. पाठांतर झोपेत पक्कं होतं, हे आजचं मेंदूविज्ञानही सांगतं. तेव्हा झोप मोडून केलेला अभ्यास नुकसानीचाच.

तेल कधी लावू नये

अभ्यंग, म्हणजे तेलाचं मालिश, रोज करावा, निदान डोकं, कान आणि पाय यांना तरी तेल लावावं, असा वाग्भटाचा सल्ला आहे. तेल कोमट असावं, अंघोळीच्या अर्धा तास आधी लावावं, नंतर गरम पाणी घ्यावं. ताप असताना, अजीर्ण झालेलं असताना लावू नये.

सगळ्यात महत्त्वाचा अपवाद आमवाताचा. गुडघ्यांची झीज होऊन होतो तो संधिवात. त्याला तेल आणि शेक मानवतो. आमवातात मात्र सांधे सुजतात, गरम लागतात, सकाळी बराच वेळ आखडलेले राहतात, सोबत तोंडाला चव नसते आणि अंग जड वाटतं. अशा वेळी तेल चोळलं तर दुखणं वाढतं, असं वैद्य सांगतात. तिथं वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक देतात आणि हलकं खायला सांगतात. पायाचा अंगठा अचानक लाल होऊन ठणकायला लागला, तर ते बहुधा युरिक आम्लाचं दुखणं असतं. त्याची तपासणी वेगळी, पथ्यही वेगळं. तिन्हींना आपण वात म्हणतो, पण एकाचं तेल दुसऱ्याला चालत नाही.

पायांना मुंग्या येणं हेही सरसकट वाताच्या खात्यावर टाकू नये. मधुमेहात तसं होतं आणि ब-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही होतं. शाकाहारी घरांत ही कमतरता वारंवार आढळते आणि साध्या रक्ततपासणीत कळते. गुडघेदुखीवर बिनलेबलच्या पुड्या देणाऱ्यांपासून तर दूरच राहावं. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं; दोन दिवसांत आराम पडतो आणि काही महिन्यांनी साखर, रक्तदाब आणि हाडं बिघडतात.

योग्य निदानासाठी फार लांब जावं लागत नाही. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय आहे. लातूर आणि उदगीरलाही आयुर्वेद महाविद्यालयं आहेत. बस्ती, म्हणजे गुदमार्गानं औषधी तेल किंवा काढा देणं, हा वाताचा मुख्य उपचार मानला जातो, निम्मी चिकित्सा म्हणून त्याची थोरवी सांगितली आहे. पण तो शिकलेल्या वैद्याच्या हातूनच घ्यावा, घरी पाहून-वाचून करू नये.

बाकीचं सगळं घरात होण्यासारखं आहे आणि त्याला पैसेही फार लागत नाहीत. सुरुवात वेळेपासून करा: जेवण, झोप आणि शौच यांची वेळ महिनाभर पाळा. मग ताट बघा: गरम आहे का, त्यात थोडं तेल-तूप आहे का, सोबत ताक किंवा पातळ काही आहे का. तेल आणि शेक त्यानंतर. आणि छातीत कळ येऊन घाम फुटला, ती कळ डाव्या हातात किंवा जबड्यात उतरली, तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर वात आहे म्हणत ओवा चावत बसू नका. 108 ला फोन करा आणि रुग्णालय गाठा.